पोट शिवलं, पुढे काय?

मित्रांनो, मी एक जुना सुईचिमटा आहे. ऑपरेशनच्या वेळी वाकडी सुई जबड्यात घट्ट पकडायची, हे माझं काम. दिसायला मी कात्रीसारखा, पण कापत काहीच नाही. स्वभाव मात्र मूळचा चोंबडा! इतकी पोटं शिवली, पण शिवलेलं टिकलं की उसवलं, हे मला कोण सांगणार? पेशंट जातो वॉर्डात आणि मी जातो वाफेच्या डब्यात.

मला दोघांचे हात ओळखीचे. एक मोठे डॉक्टर आणि दुसरी त्यांची भाची, तीही डॉक्टरच. मामांचा दोरा जाड, टाके ऐसपैस, आणि ओढायचे ते करकचून. भाचीचा दोरा बारीक, टाके इवलेसे आणि जवळजवळ.

"अगं, पोट शिवतेस की रुमालावर फुलं काढतेस?" मामा चिडवायचे.

"मामा, पोट फुगलं, खोकला आला, की घट्ट दोरा आत रुततो. लहान टाक्यांत ताण वाटला जातो."

"बरं बाई, काढ तुझी फुलं!"

मी आपला ऐकत राही. खरं कोणाचं, काही कळेना.

मग एके दिवशी चादरवाल्या मावशीच टेबलावर आल्या. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे त्याच आमच्याकडे आणत. त्यांचं पोट आधी मामांनी शिवलं होतं. आता आतली शिवण उसवून जुन्या व्रणापाशी फुगवटा आला होता आणि गठ्ठा उचलला की कळ येई.

"डॉक्टर, या खेपेला पक्कं शिवा हो," भूल देण्याआधी मावशी म्हणाल्या. "गठ्ठे उचलता आले नाहीत, तर मला कामावर कोण ठेवील?"

मामांचा चेहरा उतरला. शिवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला भाचीच्या हातात दिलं. "तुझ्या पद्धतीनं शिव. आणि घाई करू नकोस."

मावशी घरी गेल्या आणि माझ्या जिवाला घोर लागला. गठ्ठे दुसरंच कोणी आणू लागलं. दार वाजलं की मी कान टवकारायचो. असे कितीतरी महिने गेले.

एका सकाळी बाहेरून आवाज आला, "व्हा बाजूला, गठ्ठा येतोय!" मावशी! त्यांनी गठ्ठा फळीवर चढवला आणि त्यांना खोकल्याची जोरदार उबळ आली. मामा धावत आले.

"दुखलं का?"

"छे हो! धूळ गेली घशात. आधी ही फळी पुसून घ्या."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"एकट्या मावशींवरून काही ठरत नाही हं मामा," भाची म्हणाली. "अजून पुष्कळ पोटं वर्षभरानं तपासावी लागतील."

त्या दिवशी पोट शिवताना मामांनी बारीक दोरा मागितला आणि इवलासा टाका घेतला.

"मामा, फुलं?"

"गप गं. दिवा सरळ कर."

मित्रांनो, आता माझा जबडा झिजलाय, सुई कधीकधी निसटते. मला बाजूला ठेवतील, त्याचं वाईट नाही वाटत. एवढंच मागणं आहे, टाके काढले म्हणून माणसाला विसरू नका. वर्षानं जाऊन विचारा, "कसं आहे पोट?" आणि जे कळेल ते आमच्या दाराशी येऊन जरा मोठ्यानं सांगा. मी ट्रेमध्ये जागाच असतो.