तिरक्या पट्टीचे नऊ मजले

मित्रांनो, मला पाहिलेत तर म्हणाल, ही कोणा नवशिक्याने बिघडवलेली फळी. खुशाल म्हणा. मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, वीतभर रुंद, मजलाभर उंच, अंगावर सिमेंटचे डाग आणि दोन्ही कडा तिरक्या. पण नऊ मजल्यांच्या एका इमारतीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. त्या इमारतीच्या दारात संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर अशांची नावे आहेत, ज्यांनी तिथे एक खिळाही ठोकला नाही. माझे नाव नाही, म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

आधी एक समजून घ्या. ओले काँक्रीट म्हणजे नुसता चिखल. तो स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. तो घट्ट होईपर्यंत लाकूड त्याला कवेत धरते, आकार देते. घट्ट झाला की लाकूड काढून फेकतात आणि वाहवा काँक्रीटची होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

माझा जन्म एका सुतारखान्यात झाला. वर पत्रा, खाली भुसा, दोन लांब बाकडी आणि एक आरायंत्र. मालक होते मोठे मिस्त्री. हात सोन्याचे, तोंड मिरचीचे. त्यांची सून दारापाशी टेबल टाकून कामाचे दर काढायची. शाळा अर्धीच झालेली. बाकीचे ती सासऱ्यांच्या जुन्या नकाशांवरून आणि स्वतःच्या चुकांवरून शिकली होती.

नऊ मजल्यांच्या त्या इमारतीत लिफ्टची उभी विहीर होती, तिच्या चारही भिंती काँक्रीटच्या. अशा विहिरीत खोलीएवढी लाकडी पेटी बसवतात, तिच्या बाहेरून काँक्रीट ओततात, मग पेटी सोडवून वरच्या मजल्यावर पुन्हा जोडतात. दुसऱ्या सुतारांनी दर तीन मजल्यांना एक नवी पेटी धरली होती. सूनबाईने नऊ मजल्यांना एकच धरली. तिचा दर सगळ्यांत कमी निघाला आणि काम मिळाले.

"नऊ?" मिस्त्री म्हणाले. "अगं, तिसऱ्या मजल्यावर पेटीचं सरपण होतं. तुला कुणी सांगितलं नाही का?"

"तुम्हीच सांगितलंत, मामंजी. पण ती ओझ्यानं मोडत नाही, काढताना मोडते."

"मग काढायचीच नाही का?"

"काढायची. तुम्ही ती आत कशी बसेल ते बघता. काँक्रीटनं आवळल्यावर बाहेर कशी येईल, ते कुणी बघत नाही."

मिस्त्रींनी मान उडवली. खरे बोलणे त्यांना लवकर पचत नसे. पण दर देऊन झाला होता. पेटी मध्येच मोडली तर पुढचे लाकूड पदरचे घालायचे, म्हणजे आरायंत्र विकायचे. आरायंत्राविना सुतारखाना म्हणजे चार खांबांवरचा पत्रा.

सूनबाईने दोन दिवस कागद काळे केले. ओले काँक्रीट तळाशी सर्वांत जोराने ढकलते, वर तेवढे नाही. म्हणून पेटीला आतून धरणारे आडवे वासे तिने खाली जवळजवळ घेतले आणि वर विरळ केले. मिस्त्री आजवर सगळे सारख्या अंतरावर घेत, आणि तळाला पोट सुटले की काँक्रीटवाल्याला शिव्या देत. आता लाकूड तेवढेच लागले, फक्त जिथल्या तिथे गेले. मग तिने पेटीच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत वीतभर फट सोडली. त्या फटीत बसणारी मी.

मिस्त्रींनी मला उजेडात धरले. "तिरकं कापलंस?"

"हो."

"चाळीस वर्षं सरळ कापायला शिकलो मी."

"आणि चाळीस वर्षं पेट्या फोडल्यात," ती बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

माझा तिरकेपणा मुद्दाम होता, मित्रांनो. पेटीच्या आतल्या अंगाला मी रुंद, काँक्रीटच्या अंगाला अरुंद. मला खिळा नाही. पाठीशी आडवे वासे आणि त्यांच्या पाचरा, एवढ्यावर मी उभी. पाचरा काढल्या की मी आत ओढली जाते, पेटीला वीतभर जागा मिळते आणि तिच्या चार बाजूंचे पल्ले सैल होतात. मी मोडले तरी चालणार होते. माझ्या मापाच्या आणखी आठ पट्ट्या घरी तयार होत्या आणि नवांचाही खर्च दरात धरलेला होता.

तीन मजले झाले. तिन्ही वेळा मी अलगद बाहेर आले. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे गळ्यात हार.

चौथ्या मजल्यावर साइटचे इंजिनीअर आले. पाचरा ठोकायच्या राहिल्या होत्या. त्यांनी मला हलवून पाहिले, मी डुलले. नवा माणूस विचारतो, अर्धवट माणूस हुकूम देतो. त्यांनी हुकूम दिला, "मारा खिळे." सूनबाई त्या दिवशी लाकूड बघायला गेली होती. माझ्यात अकरा खिळे गेले, डोक्यापर्यंत.

दोन दिवसांनी पाचरा निघाल्या, वासे निघाले, मी मात्र जागची हलेना.

"पहार आणा," इंजिनीअर म्हणाले.

सूनबाई शिडीवरून खाली आली आणि पहारीच्या आड उभी राहिली. "पहारीला हात लावायचा नाही."

"बाई, वरचं लोखंड बांधून तयार आहे. उद्या काँक्रीट येणार."

"येऊ दे. मला तासभर द्या." तिने माझ्या कडेवरून बोट फिरवले. बोट थांबले. "हे खिळे कुणी मारले?"

मजूर एकमेकांकडे बघू लागले. शेवटी घमेली उचलणारी बाई म्हणाली, "साहेब म्हणाले, पट्टी डुलतेय. आता नाही डुलत बघा, ताई."

"फोड ती पट्टी," मिस्त्री म्हणाले. "आठ पडल्यात घरी."

"फोडली तर खिळे पल्ल्यांच्या कडा फाडून निघतील, मामंजी. पल्ल्याची कड गेली की पेटी गेली."

मिस्त्रींनी पेटीकडे पाहिले, मग पहारीकडे. आयुष्यभर त्यांनी अशा वेळी पहारच घेतली होती. त्यांनी पिशवीतून आपली सर्वांत बारीक पटाशी काढली, जिला ते कोणाला हात लावू देत नसत. "तू खालून ये. मी वरून येतो."

सासरा वरून, सून खालून. प्रत्येक खिळ्याभोवती माझे लाकूड कोरायचे, डोके मोकळे करायचे, पकडीने ओढायचा. दुखले का? दुखले. पण इतक्या मायेने मला कोणी कधी कोरले नव्हते. अकरावा खिळा निघाला. मिस्त्रींनी मला नुसत्या बोटांनी ओढले आणि मी आले. मागोमाग चारही पल्ले काँक्रीटपासून सुटले. एकाही कडेचा टवका उडाला नव्हता.

सूनबाईने तिथेच लाल रंगाने माझ्यावर लिहिले, 'खिळा मारू नये.'

"खाली साहेबांचं नाव टाका," घमेलीवाली म्हणाली. "त्यांनाच सांगायचंय ना?"

सगळे हसले. साहेबांनाही हसावे लागले, आणि पुढच्या प्रत्येक मजल्यावर ते मला हात लावण्याआधी विचारू लागले.

पाचवा, सहावा, सातवा, आठवा. नवव्या मजल्यावर पेटी निघाली ती भर उन्हात गच्चीवर मांडली. मिस्त्रींनी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप लावला, मग दुसऱ्या जोडीला लावला. नऊ वेळा आवळली गेलेली पेटी, आणि दोन मापांत फरक फक्त एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा. त्यांनी पुन्हा मोजले. तेवढाच. घरच्या आठ पट्ट्या तशाच कोऱ्या होत्या.

इमारतीचे कंत्राटदार जवळ आले. "मिस्त्री, पुढचं काम बारा मजल्यांचं आहे. पेटी किती वेळा धरता?"

मिस्त्रींनी टेप गुंडाळला. "दराचं तिला विचारा. मी तिच्याकडचा सुतार."

सूनबाईने मान खाली घातली नाही. "बारा," ती म्हणाली.

आज बारा मजल्यांच्या पेटीसाठी नव्या पट्ट्या कापायच्या आहेत, आणि नमुना म्हणून बाकड्यावर मी आहे. म्हणून सांगते, मित्रांनो, लाकूड जपा. ते ओझ्याने मरत नाही, तुमच्या घाईने मरते. एखादी वस्तू बसवण्याआधी ती निघेल कशी याचा विचार करा. आणि कुठे काही वाकडे, सैल दिसले तर खिळा उचलण्याआधी विचारा, हे कोणी आणि कशासाठी ठेवले आहे. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारता मारलेले अकरा खिळे काढायला दोन माणसांचे हात सोलून निघाले.