खांद्यावरचा बिल्ला

धुळ्यात गौतमचंद शेठचं कापडाचं दुकान होतं. सूटिंगच्या नमुन्यांच्या जुन्या वह्यांत त्यांनी फौजी लोकांच्या खांद्यावरचे कापडी बिल्ले चिकटवून ठेवले होते, तीनशेच्या वर. काही जुन्या गरम कपड्यांच्या गठ्ठ्यांतून निघालेले, काही निवृत्त जवानांना पत्रं लिहून मिळवलेले. कुठला बिल्ला कुठल्या डिव्हिजनचा आणि साधारण कधीचा, हे ते लगेच सांगत. पण घरात कोणी कधी विचारलं नाही.

१९८६च्या उन्हाळ्यात शिरपूरकडच्या खेड्यातून बेबाबाई नावाची बाई दुकानात आली. गौतमचंदांबद्दल तिला कुणा माजी सैनिकाने सांगितलं होतं. तिचा नवरा वना एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला, तेव्हा लग्नाला चारच महिने झाले होते. गेल्या वर्षी एक अनोळखी माणूस घरी आला. वनासोबत पाकिस्तानच्या तुरुंगात होतो, तो अजून तिथेच आहे म्हणाला. वनाने खांद्यावरून काढून दिलेला म्हणून एक बिल्ला त्याने हातात ठेवला, दोन दिवस राहिला, आणि जाताना वनाचं घड्याळ मागून घेऊन गेला.

तिने रुमालाची गाठ सोडून तो बिल्ला पुढे केला. "शेठ, हाऊ तेसनाच शे ना?"

गौतमचंदांना फार आनंद झाला. त्यांनी भिंग काढलं, बिल्ला उलटा केला.

"हे मशीनचं भरतकाम. भरताना कापड गोळा होऊ नये म्हणून खाली कागद लावतात. त्याचे तुकडे टाक्यांत अडकून राहतात." त्यांनी चिमट्याने एक तुकडा अलगद ओढून काढला. "वर्तमानपत्र आहे. अहो, तारीखसुद्धा आली! फेब्रुवारी चौऱ्याऐंशी. म्हणजे हा बिल्ला बनूनच दोन वर्षं..."

त्यांनी वर पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"माझी चूकही होत असेल," ते पुटपुटले.

"नही शेठ. चूक नही."

ती पाणी प्यायली. मग हळूहळू बोलली. वनाचं क्रियाकर्म उरकायचं असं मागच्या वर्षी ठरलं होतं. सासरे, उखर्डू आबा, रडत का होईना तयार झाले होते. त्यानंतर ती सुरतेला बहिणीकडे जाणार होती, तिथे शिवणकाम मिळत होतं. तेवढ्यात तो माणूस आला आणि सगळं थांबलं. आबा आता तिला माहेरीही जाऊ देत नव्हते. वना आला आणि घरात बायको नसली तर?

"आबाले तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मनं कोण ऐकस?"

रविवारी गौतमचंद एसटीने तिच्या गावी गेले. तो कागदाचा तुकडा त्यांनी पाकिटात घालून घेतला होता. आबांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. त्यांनी शेठचा हात धरून खाटेवर बसवलं आणि हात सोडलाच नाही.

"शेठ, मना वना जित्ता शे ना?"

बेबाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. गौतमचंदांनी पाकीट काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत खिशात ठेवलं.

"बिल्ला खरा आहे, आबा."

म्हातारा हसायला लागला. त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या. बेबाबाईने कप खाली ठेवले आणि ती आत गेली.

परत निघाल्यावर ती फाट्यापर्यंत सोबत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "आते मी काय करू, शेठ?"

गौतमचंदांनी गाडीला हात केला. कंडक्टरने घंटी मारली आणि ते चढले.

आबा पुढे नऊ वर्षं जगले. धुळ्याच्या शेठने स्वतः येऊन सांगितलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. ते गेले तेव्हा बेबाबाई बेचाळीस वर्षांची होती. सुरतेची बहीण त्याआधीच वारली होती. आता जायला तिला कुठलीच जागा उरली नव्हती.