खडीसाखरेचं पाणी

गुडघेदुखीसाठी गुलअंदाम घरात अफू ठेवायची. इराणमधल्या काशानजवळच्या त्या खेड्यात गालिचे विणणाऱ्या निम्म्या बायकांकडे ती चोरून असायचीच. शेजारची तूबा सहा महिन्यांच्या आरशला कडेवर घेऊन आली, तेव्हा पोर रडून रडून लाल झालं होतं.

"खाला, दात येताहेत याला. गालिचा परवा द्यायचाय. द्या ना थोडीशी."

"अगं, माझी चारही यावरच वाढली." गुलअंदामने मसुराएवढा तुकडा खडीसाखरेच्या पाण्यात विरघळवला आणि स्वतःच्या हाताने पोराला पाजला. ते शांत झोपलं. दुपारी तूबा उठवायला गेली, तर उठलंच नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं आणि पोलीस आले. अंमलदाराने गुलअंदामला विचारलं, "हिने तुमच्याकडून काही नेलं?"

"खडीसाखर नेली असेल."

शब्द इतके सहज निघाले की तिची तिलाच शिसारी आली. त्याच संध्याकाळी तूबाला पकडून नेलं. नळावर बायका म्हणायच्या, "पोटच्या गोळ्याला विष घातलं हो!" एकदा गुलअंदामनेही मान डोलावली.

आठव्या दिवशी परगावच्या कामावरून परतलेला तूबाचा नवरा आला. "खाला, ती कुणाचं नावच घेत नाही. म्हणते, म्हातारं माणूस आहे, तुरुंगात मरून जाईल. कोण असेल हो?"

चहा ओतता ओतता गुलअंदामचा हात थांबला. "मीच रे बाबा."

तो चहा तसाच टाकून उठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती एकटीच ठाण्यात हजर झाली.

न्यायाधीशांसमोर ती म्हणाली, "साहेब, मी ती विकली नव्हती हो. मायेने दिली."

"विकली काय, फुकट दिली काय, पोर त्यानेच गेलं. आणि पाजलीत तुम्ही."

तीन वर्षांची शिक्षा झाली. तूबा सुटली.

महिनाभराने तूबा तुरुंगात भेटायला आली. गुलअंदामला मान वर करवेना.

"मागितली मीच होती, खाला. ते मी कुणावर ढकलत नाही," तूबा म्हणाली. "पण त्याच दिवशी बोलला असतात, तर पोराला माती द्यायला तरी मला सोडलं असतं कदाचित. कोण कोण होतं हो तेव्हा?"

गुलअंदाम एकेक नाव सांगत गेली. मुल्ला, तूबाचा दीर, नळावरच्या दोघीतिघी. तीही कबरीपाशी उभी होती, पण स्वतःचं नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही.