अर्ध्या रस्त्यावरचा ओंडका

मित्रांनो, चांद्याच्या परकोटाबाहेर, मूलकडून येणारा रस्ता जिथे शहराच्या दरवाज्याकडे वळतो, तिथे रस्त्याच्या मधोमध चुन्याने रंगवलेले सागाचे दोन ओंडके तुम्ही पाहिले असतील. बाजाराला जाताना तुम्ही त्यांच्यापाशी घटकाभर थांबतही असाल. ते दोन ओंडके म्हणजे मी एकटाच आहे. वयाने जुना, अंगाने दुभंगलेला आणि तरीही आपल्या जागेवर खूश असलेला.

माझा जन्म धानोऱ्याकडच्या जंगलातला. मी सरळ वाढलो, उंच वाढलो. तरुणपणी एका वादळात माझी एक मोठी फांदी मोडली आणि त्या जागी पोकळी पडली. पुढे कितीतरी वर्षे तिथे पोपट घर करून राहिले. हळूहळू साल भरून आली, भोक बुजलं, पोपट दुसरीकडे गेले. ती जखम मी विसरूनही गेलो.

एका हिवाळ्यात मला तोडलं. सोमाजी नाकेदार आपली हातोडी घेऊन आला. जंगलावर पहारा ठेवणाऱ्याला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. त्याच्या हातोडीच्या तोंडावर सरकारची खूण कोरलेली असते. तिचा ठप्पा बसला की लाकूड सरकारचं झालं, आणि हुकमावाचून ते हलवणारा गुन्हेगार. आमच्या मुलखातली माणसं वाघासमोर एकवेळ हिय्या करतील, पण ठप्प्यासमोर नाही. सोमाजीने माझ्या बुंध्यावर घाव घातला आणि म्हणाला, "हा तं जहाजाले जाईन!" मी किती फुगलो म्हणून सांगू! समुद्र म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, तरी मी वाटभर त्याचाच विचार करत होतो.

पण मी पोचलो चांद्याच्या वळणापर्यंतच. तिथे ट्रकची साखळी तुटली. मी गडगडत खाली आलो आणि रस्त्याच्या मधोमध, रस्त्याला समांतर असा येऊन थांबलो. बैल बुजले, माणसं पळाली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. दरवाज्याजवळच्या चौकीतून गुणवंतराव जमादार धावत आले. त्यांनी वाकून माझा ठप्पा पाहिला आणि ओरडले, "याले कोणी हलवाचं नाई बे! सरकारी माल हाय!"

ट्रकवाला म्हणाला, उद्या माणसं आणतो. तो उद्या उजाडलाच नाही. सरकारी लाकडाच्या डेपोवाले म्हणत, लाकूड नगरपालिकेच्या रस्त्यावर पडलंय, त्यांनी आणून द्यावं. नगरपालिकावाले म्हणत, ठप्प्याच्या लाकडाला आम्ही कसं धरावं? मी तिथेच पडून राहिलो. गाडीवान मला शिव्या देत. जहाजाला निघालेल्याची ही गत झाली म्हणून मला फार वाईट वाटे.

अशातच एका बाजाराच्या दिवशी गोकुळाबाई आली.

ती तलावापलीकडच्या ढीवर मोहल्ल्यातली. झिंगे, मरळ, जे मिळेल ते टोपल्यात घालून आत बाजारात विकायची. घरात ती आणि तिची मुलगी वच्छला, दोघीच. बाजार गाठला तर चूल पेटणार, असं त्यांचं जगणं. आणि बाजार होता रस्त्यापलीकडे. मित्रांनो, डोक्यावर भरलं टोपलं असलं की मान वळवता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. याच वळणावर आदल्या वर्षी तिची सोबतीण रुखमाबाई लाकडाच्या ट्रकखाली सापडली होती. जीव वाचला, पाय गेला. तेव्हापासून गोकुळाबाई काठावर ताटकळत उभी राही. मासळी उन्हाने उतरे, तरी तिचं पाऊल उचलत नसे. वच्छलेला तर तिने बजावलं होतं, या रस्त्यावर यायचंच नाही.

त्या दिवशी ती कशीबशी अर्ध्या रस्त्यापर्यंत आली, मला पाहून थबकली, आणि तिने टोपलं माझ्या पाठीवर टेकवलं. मान मोकळी झाली. आता गाड्या एका बाजूने जात होत्या, दुसऱ्या बाजूने येत होत्या. तिला एकाच बाजूकडे पाहायचं होतं. तिने ते सावकाश, मनभर पाहून घेतलं.

"ओ बाई," गुणवंतराव चौकीतून ओरडले, "त्याच्यावर टोपलं नोको ठेवू! सरकारी लाकूड हाय थे!"

"मंग सरकारलेच बलवा, माहं टोपलं धरून उभं राहाले!"

जमादार तरातरा आले. गोकुळाबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आलेच हा तं हात लावा, भाऊ. एकटीनं उचलत नाई."

"मी? वर्दीत?"

"मंग काय वर्दी काढून लावता?"

आजूबाजूचे सगळे हसले. जमादारही मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी टोपलं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. मासळीचं पाणी बाहीवर ओघळलं. "आता मांजरी मांगं लागतीन माह्या," असं पुटपुटत ते परत गेले.

त्या दिवसापासून माझा दिवस बदलला. मोळीवाल्या, दहीवाल्या, बांबूचे सूप-टोपले घेऊन येणाऱ्या, सगळ्या माझ्यापाशी टेकू लागल्या. एक दुसरीला म्हणे, "हात लाव व बाई," आणि अनोळखी हात पुढे येत. माझ्या अंगाला मासळीचा वास लागला. समुद्राचा वास असाच असेल, असं मी मनाला सांगे.

मग एक दिवस सोमाजी नाकेदार रेड्यांच्या दोन जोड्या घेऊन हजर झाला.

"नाकेदारभाऊ, याले नोको नेऊ," गोकुळाबाई म्हणाली. "हा नसला तं मी पल्याड कशी जाऊ?"

"मी काय करू, बाई? मले हुकूम हाय." सोमाजीचा आवाज कठोर नव्हता, पण साखळ्या बांधल्या गेल्या.

पुढचं मी पाहिलं नाही. डेपोत पडल्या पडल्या गुणवंतरावांच्या तोंडून ऐकलं. ते सायकल मारत आले होते आणि सोमाजीला सांगत होते. मला नेल्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी गोकुळाबाई सवयीने अर्ध्या रस्त्यापर्यंत आली. थांबली. टोपलं टेकवायला तिने दोन्ही हातांनी ते खाली घेतलं, आणि खाली काहीच नव्हतं! तोल गेला, झिंगे रस्त्यावर सांडले, ती वाकून गोळा करू लागली, आणि वळणावरून ट्रक आला. जमादार धावले. हात पसरून ट्रकच्या पुढ्यात उभे राहिले. ट्रक त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबला.

"तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मीच उभा राहून राह्यलो तुह्या लाकडाच्या जागी," गुणवंतराव म्हणाले. "पण मी असा किती पुरीन? घरी गेलो का बाई घरी टोपली घेऊन बसून राह्यते. पोरीले पाठवत नाई, स्वतः निंगत नाई. देऊन टाक ना बे थो ओंडका."

"सरकारी लाकूड हाय, जमादार. लिलाव हाय परवा."

लिलावाआधी सोमाजीने माझ्या अंगावर हातोडीने टकटक केली. एका जागी आवाज बद्द आला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि त्या जागी करवत चालवली. माझे दोन तुकडे झाले आणि मधली पोकळी उघडी पडली. तीच ती, पोपटांची. आत एक जुनं हिरवं पीस अजून होतं. ठेकेदारांनी मला पाहिलं आणि पुढे गेले. जहाज सोडाच, दाराच्या चौकटीलाही मला कुणी घेईना. मित्रांनो, तो दिवस मला फार जड गेला.

लिलाव उठल्यावर गुणवंतराव पुन्हा आले.

"हे कोनाच्या कामाचं नाई, जमादार," सोमाजी म्हणाला.

"माह्या कामाचं हाय."

"काऊन?"

"उभं राहून राहून माहे पाय दुखून राह्यले, म्हून."

सोमाजी हसला. साहेबांना विचारून आला, हातोडी उचलली आणि माझ्या दोन्ही तुकड्यांवर सुटकेचा ठप्पा मारला. आता मी सरकारचा नव्हतो. "मंग हे आता कोनाचं म्हनाचं?" गाडीवानाने विचारलं.

"बाजाराले जानाऱ्याइचं," सोमाजी म्हणाला.

त्यांनी मला त्याच वळणावर आणून ठेवलं. दोन तुकड्यांच्या मध्ये टोपलं घेतलेली बाई सहज निघेल एवढी वाट सोडली. ट्रकच्या दिव्यात मी दिसावा म्हणून मला चुना फासला. दुसऱ्या दिवशी गोकुळाबाई आली. माझ्यावर टोपलं टेकवलं, मान दोन्हीकडे वळवून पाहिलं, आणि मागे वळून काठावर उभ्या असलेल्या वच्छलेला हाक मारली, "ये व पोरी. आता ये."

त्यानंतर कितीतरी वर्षे त्या दोघी मिळून आल्या. टोपलं घासून घासून माझ्या पाठीवर एक जागा गुळगुळीत झाली. या वळणावर पुन्हा कुणाचा पाय गेला नाही.

मागच्या हिवाळ्यात गोकुळाबाई येईनाशी झाली; ती गेल्याचं बाजारच्या बायांच्या बोलण्यातून कळलं. नंतर एक दिवस वच्छला एकटी आली. टोपलं लहान होतं आणि रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता. थांबायची काही गरज नव्हती. तरी ती थांबली. आईच्याच जागी तिने टोपलं ठेवलं आणि त्या गुळगुळीत जागेवर तळहात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. ती रडली नाही. गुणवंतरावांच्या मिशा आता पांढऱ्या झाल्यात. ते चौकीतून आले, टोपल्याची दुसरी बाजू धरली आणि ते तिच्या डोक्यावर दिलं.

"चाल, पोरी. मोकळा हाय रस्ता."

ती पलीकडे गेली. बाजारात मिसळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे पाहत होतो.

मित्रांनो, मी जहाजाला गेलो नाही याचं मला आता काहीच वाटत नाही. माझं एवढंच मागणं आहे. माझा चुना उडाला तर पुन्हा लावा. मधली वाट गाड्या उभ्या करून बुजवू नका. घाईत असलात तरी अर्ध्या रस्त्यावर थांबा, दोन्हीकडे पाहा. आणि माझ्यापाशी कुणी ओझं टेकवून उभं असेल, तर तिने हाक मारण्याची वाट पाहू नका. आधीच हात लावा.