वेंडेलचं ‘ऐकलं’

आमच्या हॉटेलच्या जागेत आता चष्म्याचं दुकान आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या त्या चौकात जुनं गिऱ्हाईक भेटलं की हळहळतं, “भाडं परवडलं नसेल, बिचारे.” मी हो म्हणते. खरं कारण एका शुक्रवारी संध्याकाळी घडलं.

आमच्या स्वयंपाकघरात पदार्थाची चिठ्ठी खिडकीत लटकायची, पण कुणाला काय नको ते ओरडून सांगायचं आणि घेणाऱ्याने ‘ऐकलं’ म्हणायचं, असा नियम होता. माझा नवरा वेंडेल बावीस वर्षं शेगडीसमोर उभा राहून ‘ऐकलं’ म्हणत आला होता. अलीकडे त्याचं ‘ऐकलं’ जरा जास्तच झटपट यायचं. मला वाटायचं, वयाने चिडका झालाय. कसली डोंबलाची बायको मी.

त्या दिवशी वाढणारी ट्रिना खिडकीतून ओरडली, “शेफ, सहा नंबर. मॅक अँड चीज, पेकन नको. पोरीला चालत नाही, श्वास कोंडतो तिचा.”

“ऐकलं,” वेंडेल म्हणाला.

सहा नंबरच्या टेबलाशी आमची शेजारीण मार्ज आणि तिची सात वर्षांची नात बसली होती. पेकन म्हणजे अक्रोडाचा चुलतभाऊ. आमच्या मॅक अँड चीजवर, म्हणजे चीजमधल्या मॅकरोनीवर, पावाचा कुरकुरीत चुरा असायचा आणि त्यात वेंडेल पेकन कुटून घालायचा. दिसायला नुसता चुराच. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी साधा चुरा वेगळ्या डब्यात असे.

मी चिकन तळत होते. सहा नंबरची वाटी बाहेर गेली आणि माझी नजर त्या डब्यावर पडली. झाकणावरची सकाळची चिकटपट्टी तशीच होती; डबा उघडलाच नव्हता.

झारा टाकून धावले, दारात दोघांना धक्का दिला. पोरगी चमच्यावर फुंकर घालत होती. मी तो हिसकावला तसं चीज तिच्या फ्रॉकवर सांडलं आणि तिने भोकाड पसरलं.

“खाल्लंस का गं? एक तरी घास?”

“गरम होतं म्हणून थांबली होती,” मार्ज म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “लोर्ना, मी सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतंस.”

आत आले तेव्हा वेंडेल पाठमोरा होता.

“वेंडेल, ती पोर मेली असती.”

“ऐकलं,” तो म्हणाला आणि तवा हलवत राहिला.

खांद्याला धरून त्याला वळवलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता.

“कधीपासून?”

“गेल्या हिवाळ्यापासून. आधी डावा कान गेला.”

“मला सांगायला काय झालं होतं रे?”

“सांगितलं असतं तर इथं उभं राहू दिलं असतंस?”

“नाही,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. खिडकीत अकरा चिठ्ठ्या लटकत होत्या. तो वळला आणि एकेक शेगडी बंद करत गेला.