अर्धी बरणी

बुधवारी सकाळी मी नाण्यांची बरणी चादरीसकट तिसऱ्यांदा काट्यावर चढवली. आमच्या लाँड्रीत कपडे किलोवर धुतले जातात, त्यामुळे काटा खोटं बोलत नाही, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आकडा तोच आला. एक किलो नाणी मी आठवड्यापूर्वीच मोजून पाहिली होती, आणि त्यावरून पूर्ण बरणीच्या पैशांत कानाला लावायची दोन मशिनं बसत होती. वर दोन कप चहापुरतं उरत होतं.

मशिनं आमच्या ह्यांच्यासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी. सव्वीस वर्षं हे कपड्यांचं पाणी काढायच्या मशीनशेजारी उभे आहेत. ते मशीन फिरायला लागलं की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. त्या आवाजाने ह्यांचे कान थोडे थोडे करून खाल्ले, आणि गेली सहा वर्षं तर हे प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. गिऱ्हाईक म्हणालं, "शर्ट जाळलात," तरी मान डोलावत होते.

लोकांना वाटायचं, बरं आहे, घरात शांतता असेल. डोंबल शांतता! सहा वर्षं आमचं एक धड भांडण झालं नव्हतं. ओरडून भांडता येत नाही. टोमणा ओरडून मारला की तो टोमणा राहत नाही, सूचना होते. मी स्वयंपाकघरात एकटीच बोलायला शिकले होते आणि त्याची मला स्वतःलाच भीती वाटायला लागली होती.

मग कानाच्या डॉक्टरणीने दहा दिवस वापरून बघायला म्हणून दोन मशिनं दिली. पहिल्याच संध्याकाळी हे म्हणाले, "तू भांडी इतकी आपटतेस?" मी म्हटलं, "सव्वीस वर्षं आपटतेय." तिथून जी सुरुवात झाली ती दहा दिवस थांबली नाही. पडद्यावरून भांडलो, माझ्या भावावरून भांडलो, एका बादलीवरून तर दोनदा. माझा जीव सुपाएवढा झाला होता.

आज दहावा दिवस. चार वाजता एक तर पैसे भरायचे, नाही तर मशिनं काढून द्यायची, कारण रांगेत पुढचा पेशंट बसला होता. आमची शिल्लक गेल्या वर्षीच नव्या बॉयलरने गिळली होती. राहिली होती ती बरणी.

बरणीतली नाणी गिऱ्हाइकांच्या खिशातली. नोट सापडली तर आम्ही ती पावतीला टाचून परत देतो. नाणी गल्ल्याजवळच्या बशीत महिनाभर ठेवतो आणि कुणी विचारलं नाही तर बरणीत टाकतो. नेहमी पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालणारे एक गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना पट्टेवाले म्हणतो, ते दर शनिवारी येऊन बशीतलं एक नाणं आपलंच म्हणून घेऊन जातात. त्यांच्या शर्टाला खिसाच नसतो. हे त्यांना देऊन टाकतात आणि मी दिवसभर धुसफुसते.

"कशाला एवढा खर्च? परत करून टाक ती मशिनं," हे रोज सकाळी म्हणायचे. आजही म्हणाले.

"परत करायची तर कानातून काढून ठेवा ना मग," मी म्हटलं.

त्यावर हे इस्त्री तापवायला लागले. बरणी मात्र त्यांनीच काल जुन्या चादरीत गच्च बांधून ठेवली होती, वाटेत फुटायला नको म्हणून. तोंडाने नाही आणि हाताने हो, अशी ह्यांची पहिल्यापासूनची तऱ्हा.

बँक सुटी नाणी फक्त बुधवारी घेते, तेही एक वाजेपर्यंत. कपड्यांच्या ट्रॉलीवर बरणी घालून मी निघाले. ट्रॉलीचं एक चाक वाकडं चालतं, त्यामुळे दर दहा पावलांवर ती दुकानांच्या पायऱ्यांकडे ओढ घ्यायची आणि मी तिला लाथेने सरळ करायची. बँकेत पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पुढे चार माणसं. त्यांतल्या एका बाईने पर्समधून बारा नाणी काढली. बारा! मोजायचं मशीन लावून बारा नाणी! मी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, घड्याळ बघितलं, परत पहिल्या पायावर आले.

माझा नंबर आला तेव्हा बारा पस्तीस झाले होते. मी चादर सोडली आणि कॅशियरने वरची दोन ओंजळ नाणी मशीनच्या तोंडात ओतली. खडखड झाली, मशीनने शिटी मारली आणि सगळी नाणी खालच्या खणात परत टाकली.

त्याने पुन्हा ओतली. पुन्हा शिटी.

"काकू, ही नाणी कसली आहेत?" त्याने एक उचलून दिव्याखाली धरलं. "आकडा पुसट झालाय. रंग बघा. ही कशात घातली होती?"

मी नाणं हातात घेतलं. ते काळपट तांबूस दिसत होतं आणि बोटाला खरखरीत लागत होतं. मी नाकाशी नेलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो वास मी झोपेत ओळखेन. गंजाचे डाग काढायचं औषध. पांढऱ्या शर्टावर त्याचे चार थेंब टाकतो आम्ही, तेही हातमोजे घालून.

"अशी खराब केलेली नाणी आम्हाला घेता येत नाहीत," कॅशियर म्हणाला. "मुख्य ऑफिसला अर्ज करा. तपासून कळवतील. दीड-दोन महिने धरून चला."

मी तिथेच ह्यांना फोन लावला. मशिनं आल्यापासून हे फोन उचलतात, दुसऱ्या रिंगला उचलतात, जणू शेजारी बसून वाटच बघत असतात.

"नाणी कुणी धुतली?" मी विचारलं.

पलीकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला.

"मी," हे म्हणाले. "काल तू बाजारात गेलीस तेव्हा. लोकांच्या खिशातला मळ होता गं त्यांच्यावर. तंबाखू, तेल, काय काय. अशी घाण नाणी बघून बँकवाल्याने परत पाठवली असती तर?"

"आणि म्हणून औषधात घातलीत?"

"साबणाने निघेना. म्हटलं, एकही नाणं परत यायला नको. मशिनं..." हे थांबले. "मला ती परत द्यायची नाहीयेत."

तळपायाची आग मस्तकात जायला निघाली होती ती गुडघ्याशीच थांबली. सव्वीस वर्षांत ह्या माणसाने मला अमुक हवं म्हणून काही मागितलं नव्हतं. आज मागितलं, ते त्याच मागणीवर औषध ओतून.

"सगळी धुतलीत?"

"नाही. औषध संपलं. निम्मी झाली असतील. ती वर घातली, दिसायला बरी दिसतील म्हणून."

फोन ठेवून मी कॅशियरला म्हटलं, "दादा, खालची चांगली आहेत. मला फक्त खाली पोचू द्या."

घड्याळात पावणेएक. त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक रिकामी टोपली माझ्यापुढे सरकवली. मी बाह्या वर केल्या आणि हात कोपरापर्यंत बरणीत घातला. कपड्यांतून पांढरे आणि रंगीत वेगळे काढायची हाताला सवय आहे. लालसर टोपलीत, मळकी ट्रेमध्ये. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आम्हालाही घरं आहेत." मी वळलेसुद्धा नाही. बोटं काळी झाली, एक नख तुटलं. शेवटी कॅशियर स्वतः बाहेर आला आणि माझ्याबरोबर निवडायला लागला. मळकं नाणं एकूणएक मशीनने घेतलं. सव्वीस वर्षांचा मळ मशीनला चालला, ह्यांची स्वच्छता चालली नाही.

एक वाजून चार मिनिटांनी त्याने खिडकी लावली. माझ्या हातात नोटा होत्या, त्या मी तीनदा मोजल्या. एका मशीनचे झाले. दुसऱ्याच्या निम्मेही नाहीत.

चार वाजता आम्ही दोघं डॉक्टरणीसमोर बसलो होतो. दुकानाला भर दिवसा कुलूप. वाटेत हे एक शब्दही बोलले नव्हते आणि मीही बोलले नव्हते. ऐकू येणाऱ्या माणसाशी अबोला धरणं किती अवघड असतं हे मी विसरूनच गेले होते. मी नोटा टेबलावर ठेवल्या आणि जे झालं ते सांगितलं. डॉक्टरीण पोरगेलीशीच आहे, पण हसली नाही.

"एकाच कानाचं घेता येईल," ती म्हणाली. "काका, कुठला कान ठेवायचा?"

मला वाटलं, डावा म्हणतील. मशीनजवळ उभे असले की गल्ला त्यांच्या डावीकडे येतो, मी दहा तास तिथे बसलेली असते.

"उजवा," हे म्हणाले.

"अहो, दुकानात मी डावीकडे असते."

"तिथे तू गिऱ्हाइकांशी बोलतेस. जेवायच्या टेबलाशी तू उजवीकडे असतेस. तिथे माझ्याशी बोलतेस."

गेली सहा वर्षं जेवताना मी काय काय बोलले असेन, भिंतीला, पातेल्याला, आणि हा माणूस शेजारी बसून मान डोलावत होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

डॉक्टरणीने समोरचा आलेख आमच्याकडे वळवला. "काका, उजवा कान खूपच गेलाय. मशीन लावूनही तिथे अर्धंमुर्धंच ऐकू येईल. डावा ठेवा."

"उजवाच," हे म्हणाले. एकदा अडून बसले की बॉयलरसुद्धा ह्यांच्यापेक्षा लवकर हलतो.

"डावाच ठेवा हो," मी डॉक्टरणीला सांगितलं. "जेवताना मी खुर्ची बदलते."

"तिकडून तुला ओटा लांब पडेल," हे म्हणाले. "वाढायला सारखी ऊठबस करशील."

"मी कशाला करू? तुम्ही कराल," मी म्हटलं. "आता काय आणायचं ते ऐकू येईल ना तुम्हाला."

डॉक्टरणीने उजव्या कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. हे खुर्चीत हळूच फिरले आणि डावा कान माझ्याकडे केला.