पाठीवरचं बोट

लंबूची बदली खाणीतल्या पाण्याच्या पंपावर झाली आणि तो काळजीत पडला. पंपावरचं काम खरं तर आरामाचं. दुसरा कोणी असता तर नाचला असता. पण लंबू गेला तर कानसेनाच्या मागे उभं कोण राहणार?

खाणीत पाळी सुरू होताना एकजण पुढे जाऊन डोक्यावरचं छत पहारीने ठोकून बघतो. टणटण वाजलं तर दगड घट्ट. बद्द वाजलं तर आत पोकळी. मग टेकू लावल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकायचं नाही. अख्ख्या टोळीचा जीव त्या एका माणसाच्या कानात. म्हणून तर त्याला कानसेन म्हणायचे, आणि स्वारीला त्याचा तोरा केवढा! अन् दैवाची थट्टा बघा, नेमका त्याचाच कान गेला.

गेलं वर्षभर तो ठोकायचा आणि लंबू ऐकायचा. बद्द वाजलं की लंबू अंधारात त्याच्या पाठीवर हळूच बोट टेकवायचा. मग कानसेन ऐटीत ओरडायचा, "टेकू आणा रे!" दोघं लहानपणापासूनचे जिगरी, पण या बोटाबद्दल कधी चकार शब्द बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी लंबू त्याच्या घरी गेला आणि ओठ दिसतील असा समोर बसला.

"उद्यापासून मी मागे नाही. मुकादमाला तूच सांगून टाक."

"काय सांगू? माझे कान ठणठणीत आहेत!"

"वहिनी मघापासून तीनदा म्हणाली, चहा घ्या."

कानसेनाने वळून पाहिलं. बायको कप घेऊन उभी होती, चेहरा पडलेला. तो लालबुंद झाला. "पहार गेली तर माझ्याकडे उरतं काय रे? आणि तू सांगितलंस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

लंबूचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्याची बायको म्हणाली, "तुम्ही कशाला वाईटपणा घेता?" खरंच, कशाला घ्यायचा? पण त्या छताखाली जाणाऱ्यांत कानसेनही होताच की, आणि सगळ्यांच्या पुढे!

सकाळी कानसेन पहार खांद्यावर टाकून निघालेला पाहून लंबूने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुकादम भडकला. "वर्षभर दोघं मिळून आमच्या जिवाशी खेळलात?" लंबूने मान खाली घातली. शिव्या खाण्यासारखंच होतं ते. शेवटी मुकादमाने त्याची पंपावरची बदली रद्द करून पहार त्याच्याच हातात कोंबली. वर्षभर छत ऐकलं होतं ते त्यानेच. कानसेनाची रवानगी झाली वर, दिव्यांच्या खोलीत.

तिथे खाली जाणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून दिवा द्यायचा. कानसेन सगळ्यांशी दोन शब्द बोलायचा, टोपीवर टपली मारायचा. लंबूची पाळी आली की दिवा पुढे सरकवायचा आणि भिंतीकडे बघायचा. लंबू म्हणायचा, "येतो रे." कानसेन पुढच्याला हाक मारायचा. असे कितीतरी दिवस गेले. लंबूला खाली छताची भीती वाटायची नाही, वर त्या खिडकीची वाटायची.

एके दिवशी खिडकीशी भली मोठी रांग लागली होती. लंबूने दिव्याला हात घातला, तर कानसेन तो सोडेना. त्याने इकडेतिकडे चोरट्या नजरेने पाहिलं, खिडकीतून मान बाहेर काढली आणि लंबूच्या कानाशी लागला. स्वतःचा आवाज त्याला कळत होता कुठे? त्याच्या हिशेबी ती कुजबूज होती.

"लंब्या," तो गरजला, "तुझ्याशिवाय करमत नाही रे मला! वर ये नीट, मी वाट बघत असतो!"

आवाज पार फाटकापर्यंत गेला. एरवी एवढ्यावर त्या टोळीने महिनाभर हसून घेतलं असतं. पण कोणी बुटाची नाडी बांधायला वाकला, कोणी डबा उघडून उगाच आत बघत बसला. खुद्द मुकादम आभाळाकडे बघू लागला. अख्खी रांग ठार बहिरी झाली होती.

लंबूने नुसती मान हलवली. बोलला असता तर रडूच फुटलं असतं.

कानसेन मान आत घेऊन समाधानाने म्हणाला, "कोणाला सांगू नकोस हां," आणि तेही सगळ्यांनी ऐकलं.